उलटा पतंग

डिप्सी डायव्हर म्हणजे चहाच्या बशीपेक्षा किंचित लहान, मधोमध फुगीर अशी प्लास्टिकची चकती. तळाला फिरवता येणारी एक वजनदार गोल पट्टी, वर एक खटका, आणि खटक्याचा ताण कमीजास्त करायला एक स्क्रू. बस, एवढंच. बॅटरी नाही, सेन्सर नाही, ॲप नाही. मासेमारीच्या दोरीत बांधून चालत्या बोटीमागे सोडली की ती पाण्यात खाली खाली जाते आणि आपल्यामागे सात-आठ फुटांवर बांधलेलं खोटं आमिष साठ-सत्तर फूट खोल घेऊन जाते. तिथे मासा लागला की खटका सुटतो, चकती आडवी होते आणि पाणी कापत निमूटपणे वर येते.

मी शिकलो मेकॅनिकल, नाशिकच्याच एका कॉलेजात, आणि लिहितो जावा. (आमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांची हीच गोष्ट आहे, त्यामुळे त्यावर आता कोणी विनोदही करत नाही.) तिसऱ्या सेमिस्टरला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मी लिफ्ट आणि ड्रॅग शिकलो, परीक्षा दिली आणि विसरलो. ते पुन्हा आठवलं ते अमेरिकेत मिलवॉकीला, लेक मिशिगनवर, एका एकोणीस फुटी जुन्या बोटीत. आणि शिकवणारे होते माझ्या बाबांचे चुलतभाऊ, येवल्याचे. त्यांनी त्या चकतीला कधीच डिप्सी म्हटलं नाही. ते म्हणायचे, "तो पतंग दे रे इकडे."

येवला ज्यांना फक्त पैठणीसाठी माहीत आहे त्यांनी संक्रांतीला एकदा तिथे जाऊन यावं. भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस गाव गच्चीवर असतं. हलकडी वाजत असते, खाली दुकानं बंद, वर आकाश भरलेलं. नाशिकच्या पोरांना फिरकी माहीत असते, येवल्यात आसारी. लांब दांड्याची, हातात गरागरा फिरणारी. काका त्या गावात वाढले, नव्वदच्या दशकात अमेरिकेत गेले, मिलवॉकीत एका कारखान्यात यंत्रं डिझाइन करण्यात आयुष्य काढलं, आणि पन्नाशीत कोणीतरी शेजाऱ्याने एकदा तळ्यावर नेलं म्हणून मासेमारीला लागले. तळं म्हणतोय खरं, पण लेक मिशिगनचं क्षेत्रफळ साधारण ५८ हजार चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढं. सगळ्यात खोल जागी २८१ मीटर. पलीकडचा किनारा दिसत नाही, लाटा येतात, आणि पाणी गोडं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बोटावर घेऊन चाखून पाहिलं होतं.

आता मासा इतक्या खोल का, हे सांगायला हवं, नाहीतर चकतीचं काही कारणच उरत नाही.

उन्हाळ्यात तलावाचं वरचं पाणी तापतं आणि हलकं होऊन वरच राहतं. खाली थंड, जड पाणी. दोघांच्या मधे एक पातळ थर असतो, जिथे काही फुटांत तापमान झपकन उतरतं. इंग्रजीत त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. ऑगस्टमध्ये वर पोहता येईल इतकं पाणी असतं आणि त्या थराखाली हात घातला तर बधिर होईल असं. चिनुक सामनला साधारण दहा ते तेरा अंश सेल्सिअसचं पाणी आवडतं. म्हणजे तो त्या थराच्या आसपास फिरत असतो, कधी चाळीस फुटांवर, कधी नव्वद. वारा बदलला की तो थरही हलतो. मिलवॉकी तलावाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. दक्षिणेकडून किंवा पश्चिमेकडून दोन दिवस वारा वाहिला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी किनाऱ्याशी वर येतं. मग मासेही जवळ येतात. काका हवामानाचं ॲप बघायचे ते पावसासाठी नाही, गेल्या दोन दिवसांच्या वाऱ्यासाठी.

आणि गंमत म्हणजे हा मासा तिथला नाहीच. चिनुक प्रशांत महासागराकडचा. लेक मिशिगनमधला मूळचा मोठा शिकारी मासा म्हणजे लेक ट्राउट. कालवे खोदल्यावर समुद्रातून सी लॅम्प्री नावाचा रक्त पिणारा, बामासारखा दिसणारा जीव वरच्या तलावांत शिरला. त्याने आणि बेसुमार मासेमारीने मिळून १९५०च्या दशकापर्यंत लेक ट्राउट जवळजवळ संपवला. शिकारी गेल्यावर एलवाइफ हा आपल्या तारलीच्या नात्यातला छोटा मासा, तोही बाहेरूनच आलेला, बेफाम वाढला. १९६७ साली तो इतका मेला की किनारे त्याच्या ढिगांनी भरले आणि बुलडोझर लावून उचलावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, मिशिगन राज्याचे मत्स्यविभागप्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी कोहो सामनची पिल्लं सोडली होती. १९६७ला चिनुक सोडले. खायला डोंगर पडलेला, वर कोणी शिकारी नाही. सामन माजले. आणि सामन खोल असतो म्हणून तिथल्या हौशी मासेमारांना खोल जायची साधनं हवी झाली. डाउनरिगर, डायव्हर, शिसं भरलेल्या दोऱ्या, हा सगळा बाजार त्यानंतर फोफावला. म्हणजे एका चुकीवर दुसरा उपाय, त्या उपायावर तिसरं यंत्र. प्रॉडक्शनमध्ये कोड असाच वाढतो, हे मी काकांना म्हटलं तर ते हसले नाहीत. त्यांच्या कारखान्यातही तसंच असणार.

खोल जायचा सरळ मार्ग म्हणजे वजन. डाउनरिगर हेच करतो: बोटीच्या कडेला एक छोटी क्रेन, तिच्यातून पोलादी तार, टोकाला आठ-दहा पौंडांचा शिशाचा गोळा. मासेमारीची दोरी गोळ्याजवळ चिमट्यात अडकवायची आणि गोळा हवा तितका खाली सोडायचा. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते. हिशेब सोपा आहे. काकांच्या बोटीला असे दोन होते.

डायव्हरचा मार्ग वेगळा. तो वजनाने जात नाही, पाण्याच्या जोराने जातो. पतंग वाऱ्यात वर का जातो? कन्नी अशी बांधलेली असते की पतंग वाऱ्याला तिरका राहतो, वारा त्याला मागेही ढकलतो आणि वरही. चकती तीच, फक्त वाकलेली खालच्या बाजूला. खटका बंद असताना दोरी तिला अशा जागी धरते की तिचं तोंड खाली राहतं, आणि पाणी तिला दाबत नेतं. खटका सुटला की धरायची जागा बदलते, चकती दोरीच्या रेषेत येते, जोर नाहीसा. कन्नीची एक दोरी उडत्या पतंगाची तुटली की काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला हे समजावायला लागत नाही. मला काकांनी एका वाक्यात समजावलं. त्या एका वाक्याआधी मी यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिले होते.

एक गोष्ट मात्र मीच त्यांना सांगितली, आणि ती ऐकून ते खूश झाले होते. बोटीचा वेग थोडा वाढला तर शिशाचा गोळा मागे जातो आणि वर येतो, कारण त्याचं वजन तेवढंच राहतं आणि पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. चकतीचं तसं होत नाही. तिला खाली दाबणारा जोरही वर्गाने वाढतो आणि मागे ओढणाराही. दोन्ही एकाच प्रमाणात वाढले की दोरीचा कोन जवळपास तोच राहतो. म्हणून ताशी दोन मैल असो की अडीच, डायव्हर साधारण त्याच खोलीवर चालतो. "म्हणजे वारा वाढला तरी पतंग तिथेच," काका म्हणाले. "फक्त हाताला जड लागतो." बरोबर तेच. तिसऱ्या सेमिस्टरच्या सरांनी असं सांगितलं असतं तर वर्गातले चार जण तरी जागे राहिले असते.

बांधायची रीत अशी. नऊ-दहा फुटांचा दणकट रॉड. रीलवर किती फूट दोरी गेली ते दाखवणारा काउंटर हवाच, नाहीतर सगळा अंदाजपंचे कारभार. दोरी विणलेली, ब्रेड म्हणतात ती. आपल्याकडचा तंगूस नको. तंगूस ताणला जातो. दीडशे फुटांवरची चकती रिकामीच वर आणायची असेल तर रॉडला जोरात झटका देऊन खटका सोडवावा लागतो, आणि तंगूस तो झटका वाटेतच पिऊन टाकतो. शिवाय तंगूस जाड. जाड दोरीला पाणी जास्त ओढतं आणि चकती तेवढी खाली जात नाही. जाड मांजावर पतंग पोटात येतो ना, तसंच. पण ब्रेड अजिबात ताणली जात नाही म्हणून मोठ्या माशाच्या पहिल्या धडकेत काहीतरी तुटतं; त्यासाठी चकतीच्या मागे रबरी नळीचा एक तुकडा लावतात, धक्का खाणारा. मग फिरती कडी, मग सहा-आठ फूट पारदर्शक लीडर, मग आमिष. लीडर याहून लांब ठेवायचा नाही, आणि त्याचं कारण मला फार आवडलं: चकती रॉडच्या टोकातून आत जात नाही. ती टोकाला येऊन अडकली की मासा तिथून लीडरएवढ्या अंतरावर असतो. लीडर रॉडपेक्षा लांब असेल तर जाळी घेऊन उभा असलेला माणूस नुसता बघत राहतो.

आमिष म्हणजे बहुतेक वेळा चमच्यासारखा वाकवलेला पत्रा, पाण्यात डोलणारा. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी मरतो, साठ फुटांवर तो काळपट दिसतो. हिरवा-निळा टिकतो. पहाटे अंधारात अंधारात चमकणारे चमचे लावायचे. ते आधी उजेडात धरून 'चार्ज' करावे लागतात, आणि त्यासाठी माझ्या फोनचा टॉर्च ही माझी बोटीवरची पहिली अधिकृत जबाबदारी होती.

तळाच्या पट्टीवर आकडे असतात: ०, १, २, ३, मधल्याच्या दोन्ही बाजूंना. शून्यावर ठेवली तर चकती सरळ मागे आणि खाली. पट्टी एका बाजूला फिरवली की वजन एका बाजूला येतं, चकती कलते आणि बोटीपासून बाहेर पळते. तीनवर सगळ्यात जास्त. जितकी बाहेर जाईल तितकी खोली कमी. सोडलेल्या दोरीच्या साधारण निम्मी ते एक-तृतीयांश खोली मिळते, असा ढोबळ हिशेब. लहानपणी पतंग एका बाजूला गिरक्या घ्यायला लागला की आपण दुसऱ्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवतो, तोल यावा म्हणून. इथे मुद्दाम तोल घालवायचा. विस्कॉन्सिनमध्ये माणशी तीन दोऱ्यांची परवानगी आहे. आम्ही दोघं म्हणजे सहा: मधे दोन डाउनरिगर, दोन्ही बाजूंना आतला डायव्हर एकवर, बाहेरचा तीनवर. वरून पाहिलं असतं तर सहा दोऱ्यांचा पंखा दिसला असता. एक माणूस असेल तर तीनच दोऱ्या. मात्र काका एकटे का जात नव्हते, त्याचा नियमांशी संबंध नव्हता.

या कल्पनेची बाकीची खानदानही सांगून टाकतो, कारण ती कळल्यावर मला ससून डॉक वेगळा दिसायला लागला. धक्क्याला लागलेल्या ट्रॉलरच्या मागे दोन जाड फळ्या टांगलेल्या असतात. जाळं ओढताना त्या पाण्यात एकमेकींपासून दूर पळतात आणि जाळ्याचं तोंड उघडं ठेवतात. तोच पतंग, आडवा केलेला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या बर्नी नावाच्या अधिकाऱ्याने पॅराव्हेन बनवला, जहाजाच्या बाजूला पळत जाऊन सुरुंगांच्या तारा तोडणारा. तोही हाच. मराठीत मात्र एक घोळ होतो. जाळं ओढणं ते ट्रॉलिंग आणि चालत्या बोटीमागे गळ ओढणं तेही ट्रोलिंग. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, काम वेगळं. एक जाळं तळ खरवडून सगळं घेऊन येतं, दुसऱ्यात एका गळाला एकच मासा. इंटरनेटवरचं ट्रोलिंगही या दुसऱ्यातूनच आलं असं मानतात: आमिष सोडायचं, हळूहळू ओढत न्यायचं, कोण लागतो बघायचं. नव्वदच्या दशकातल्या यूझनेटवरचा शब्द. आपण तो रोज वापरतो, आणि गळ कोणीच पाहिलेला नसतो.

काकांची बायपास २०२३च्या फेब्रुवारीत झाली. मी त्याआधी चार महिन्यांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मिलवॉकीत आलो होतो. तीन महिने त्यांना छातीत जळजळायचं, ते ॲसिडिटीच्या गोळ्या घ्यायचे, काकू ओरडायची, ते म्हणायचे जेवण उशिरा झालं म्हणून. त्यांची मुलगी, आमची ताई, दुसऱ्या राज्यात असते. ऑपरेशननंतर ती महिनाभर राहिली आणि जाताना दोन अटी घालून गेली. मीठ कमी, आणि बोट विकायची. मीठ काकूच्या हातात होतं. बोटीवर तह झाला: डॉक्टर हो म्हणाले तर उन्हाळ्यात जायचं, पण एकटं नाही. आणि सोबत मी.

मला पोहायला येतं, गंगापूर रोडच्या तरणतलावात शिकलोय, पण त्या पाण्यात पोहण्याचा काही उपयोग नसतो. किनाऱ्यापासून चार-पाच मैलांवर, थंड पाण्यात माणूस बुडण्याआधी गारठ्याच्या धक्क्याने श्वास चुकतो. म्हणून लाइफ जॅकेट, म्हणून दोघं. ताईने मला वेगळा फोन करून सांगितलं होतं, "तू मासे धरायला जात नाहीयेस, हे लक्षात ठेव." मला रेडिओवरून कोस्ट गार्डला कसं बोलवायचं ते तिने व्हिडिओ कॉलवर दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

डॉक्टरांनी जुलैत परवानगी दिली. आम्ही पहाटे साडेतीनला निघायचो, मॅकिन्ली मरीनाच्या उतारावरून बोट पाण्यात सोडायचो, आणि सव्वापाचला सूर्य वर येईपर्यंत दोऱ्या पाण्यात असायच्या. पहिल्याच दिवशी कळलं की अडचण माशाची नाही, चकतीची आहे. वेगात चालणारा डायव्हर प्रचंड ओढतो. रॉड होल्डरमध्ये धनुष्यासारखा वाकलेला असतो आणि मासा नसतानाही तो होल्डरमधून उचलून काढणं हे खांद्याचं आणि छातीचं काम आहे. छातीचं हाड करवतीने कापून तारेने शिवलेल्या माणसासाठी पाच महिने हे फार नसतात. रिकामी चकती वर आणायला झटका द्यायचा, तोही त्यांना जमेना. ते काही बोलले नाहीत. फक्त स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चारही खटके सैल केले.

इथून आमचं भांडण सुरू झालं, ते दोन उन्हाळे चाललं. स्क्रू सैल ठेवला तर खटका हलक्या झटक्याने सुटतो, हाताला सोपं. पण लाट जराशी मोठी आली, बोट वळली, चकतीत शेवाळ अडकलं, की खटका आपोआप सुटतो. मग दीडशे फूट दोरी गुंडाळा, खटका बसवा, पुन्हा सावकाश सोडा. सावकाशच सोडावी लागते, एकदम ढील दिली तर आमिष चकतीला गुंडाळतं. स्क्रू घट्ट ठेवला तर खोट्या सूचना बंद. पण लहान मासा लागला तर त्याच्यात खटका सोडवायची ताकद नसते. तो तसाच मागे ओढला जातो. वर रॉडचं टोक किंचित वेगळं हलतं, बस. अर्ध्या तासाने दोरी आत घेतली की वीतभर मासा मेलेला.

माझी रोजची नोकरी हीच आहे. सर्व्हरवर अलर्ट किती हळवा ठेवायचा. हळवा ठेवला तर रात्री तीनला फोन वाजतो आणि काही झालेलं नसतं. आठवड्याने माणूस फोन उलटा ठेवून झोपायला लागतो. घट्ट ठेवला तर सकाळी ग्राहकच सांगतो की साइट बंद आहे. मी फोनवर तक्ता ठेवायला लागलो. वारा, लाट, स्क्रूचे फेरे, खोटे खटके, खरे मासे. काका चेष्टा करायचे, पण दर फेरीनंतर विचारायचे, "लिहिलंस का?" माझं म्हणणं होतं की बाहेरचे दोन घट्ट ठेवू, ते मी बघतो, आतले दोन तुमचे, सैल. त्यांना ते मान्य नव्हतं. बोट त्यांची, चारही रॉड त्यांचे.

एका सकाळी पाणी आरशासारखं होतं आणि काही लागत नव्हतं. आतल्या रॉडचं टोक बघत ते म्हणाले, "हा बघ, हा मला नेहमीचा वाटत नाही." दोरी आत घेतली तर खरंच छोटा मासा होता, जिवंत. तो सोडून दिला. मग स्क्रूवर बोट ठेवून म्हणाले, "माझा फार घट्ट होता. तीन महिने ओढत होतो." मला समजायला दोन क्षण लागले. त्यांनी लगेच विषय बदलला, डब्यातली धिरडी काढली आणि काकूने मीठ घातलं नाहीये याची तक्रार केली.

पकडलेले मासे आम्ही खायचो. काकूकडे येवल्याहून येणारा काळा मसाला असतो आणि त्यातला सामनचा रस्सा मी इथे कोणाला सांगितला तर लोक तोंड वाकडं करतात. करू देत. रोज मात्र खाता येत नाही. जुन्या कारखान्यांतून तलावात गेलेलं पीसीबी नावाचं रसायन माशांच्या चरबीत साठतं, आणि कुठला मासा किती दिवसांनी खावा याचा सल्ला राज्य सरकार छापतं. जितका मोठा मासा तितकं जास्त. काकू कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाकायची. काकांना वाईट वाटायचं, चव तिथेच असते म्हणून.

२०२४च्या ऑगस्टमध्ये, दोन दिवस दक्षिणेचा वारा वाहून गेल्यावर, आम्ही नव्वद फूट पाण्यावर होतो. बाहेरचा डावा, तीनवर, एकशे ऐंशी फूट दोरी. आधी रॉड एकदम सरळ झाला, खटका सुटल्यामुळे ओढ संपली म्हणून, आणि पुढच्या क्षणी आधीपेक्षा जास्त वाकला. रील ओरडायला लागली. काउंटरवर तीनशे, तीनशे चाळीस. काका रॉडजवळ होते आणि त्यांनी तो उचलला. मी इंजिन बघत होतो, बोट सरळ ठेवायची, बाकीच्या दोऱ्यांत गुंता होऊ द्यायचा नाही. खरं सांगायचं तर मी माशाकडे बघत नव्हतो, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. कपाळावर घाम, पण तो सगळ्यांनाच येतो. श्वास तोंडाने. ओठांचा रंग ठीक. ताईने सांगितलेली यादी मनात म्हणत होतो.

दहा मिनिटांनी मासा एकशे वीसवर आला आणि पुन्हा पळाला. तेव्हा ते बर्फाच्या पेटीवर बसले. घाईने नाही, खुर्ची ओढून बसावं तसे. आणि रॉड माझ्याकडे केला. काही बोलले नाहीत. मी विचारलं, "काका, दुखतंय का?" त्यांनी मान हलवली, नाही. मी विचारलं, "परत जायचं?" ते म्हणाले, "आधी तो घे. एवढा लांबून आलाय."

मी घेतला. मासा वर यायला अजून बारा-पंधरा मिनिटं लागली असतील. चकती रॉडच्या टोकाला येऊन टेकली, बरोबर लीडरभर मागे पाण्यात रुपेरी पाठ दिसली, आणि काका उठून जाळी घेऊन उभे राहिले. ते काम त्यांनी मला करू दिलं नाही. अठरा पौंडांचा चिनुक. त्याच्या जातीत तीन-चार वर्षांचं आयुष्य, एकदाच नदीत चढून अंडी घालायची आणि मरायचं. हा बहुधा त्याच वर्षी चढणारा होता, जबडा वाकायला लागला होता. उरलेल्या पाच दोऱ्या गुंडाळताना कोणी बोललं नाही. किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी खिशातून गोळी काढून घेतली, आणि मी ताईला फोन केला. त्यांच्यासमोरच, त्यांना सांगून. ते म्हणाले, "सांग. मासाही सांग."

पुढच्या आठवड्यात तपासण्या झाल्या. नवीन काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जात राहा, जमेल तेवढंच करा. पण सप्टेंबरमध्ये काकांनी स्वतःच बोटीची जाहिरात टाकली. ताईला वाटलं मी समजावलं, काकूला वाटलं ताईने. मला वाटतं, माझा व्हिसा ऑक्टोबरमध्ये संपत होता हे त्यांनी धरलं होतं. एकट्याने जायचं नाही ही अट त्यांनी मोडली नाही, आणि माझ्या जागी दुसरा माणूस शोधलाही नाही. मी दोघातिघांची नावं सुचवली होती. बोट एका तिशीतल्या जोडप्याला गेली. डाउनरिगर, रॉड, डायव्हर सगळं तिच्यासोबत. एक चकती तेवढी त्यांनी काढून माझ्या बॅगेत टाकली.

नाशिकला परत आल्यावर माझ्या मित्रांनी साहजिकच विचारलं, गंगापूर धरणावर चालेल का? धरण १९६५चं, मातीचं, उंची साडेछत्तीस मीटरच्या घरात, म्हणजे खोलीचा प्रश्न नाही. प्रश्न दोन आहेत. आपल्याकडे धरणांतली मासेमारी शासन ठेक्याने देतं, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांच्या जाळ्यांमधून हौसेसाठी दोरी ओढत फिरायला मला कोणी का परवानगी द्यावी? त्यात हे शहराचं पिण्याचं पाणी. आणि दुसरं, पकडणार काय? कटला वरच्या थरात प्लवक खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी गाळ चिवडतो. चमकत्या पत्र्यामागे धावणारा यांतला एकही नाही. मरळ धावते, पण ती काठाच्या गवतात. तिच्यासाठी साठ फूट खोल जायची गरजच नाही. महसीर धावला असता. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या तलावावर त्याची पिल्लं तयार करण्याचं केंद्र कित्येक वर्षं आहे. पण महसीर पकडायचा तर तो सोडून द्यायच्या तयारीनेच, आणि त्याला तळ्यात डायव्हरपेक्षा वाहत्या पाण्यात साधा गळ बरा. थोडक्यात, या चकतीला इथे काम नाही. बाबांनी ती दोन दिवस पेपरवेट म्हणून वापरली आणि गोल असल्यामुळे घरंगळते म्हणून परत दिली.

या संक्रांतीला काका-काकू येवल्यात होते. मीही गेलो. काका गच्चीवर आसारी धरायला उभे होते, पतंग त्यांचा पुतण्या उडवत होता, आणि ते त्याला सतत सांगत होते, ढील दे, ढील दे. दुपारी त्यांच्या फोनवर मिलवॉकीहून मेसेज आला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली असेल, बर्फ पडत असणार, तलावावर कोणी जात नसणार. बोट घेतलेल्या त्या मुलाने बहुधा हिवाळ्यात सामान आवरायला काढलं होतं. त्याने चार चकत्यांऐवजी तीनच सापडल्याचं लिहिलं होतं, फोटो टाकला होता, आणि विचारलं होतं की खटक्यांचे स्क्रू इतके सैल का आहेत, मुद्दाम ठेवलेत की ढिले झालेत?

काकांनी चष्मा वर केला, फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "तुझा तो तक्ता आहे ना, तो पाठव त्याला." मग आसारीकडे वळले.